आधी नागपूरचं ऊन रंगव

प्रिय बेटा,

तू पाठवलेली सगळी चित्रं नीट मोठी करून पाहिली. हात चांगला बसला आहे. पाण्यातली प्रतिबिंबं तू एका दमात घेतेस आणि त्यांना पुन्हा हात लावत नाहीस, हे फार थोड्यांना जमतं. पण या चित्रांत बनारसचे घाट आहेत, कोकणातल्या होड्या आहेत, राजस्थानातली एक हवेली आहे. नागपूर कुठेच नाही. बनारसला तू एकदाच गेलीस, तेही कॉलेजच्या सहलीबरोबर, असं तूच लिहितेस. मग हे घाट आले कुठून? दुसऱ्यांच्या चित्रांतून आले, आणि ते दिसतं.

तू विचारतेस, मुंबईला जाऊ का, आणि निसर्गचित्रांवर पोट भरेल का. दोन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबईला अवश्य जा. चित्रकार सैयद हैदर रझा गेलेच की. मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा मुलगा, वडील वनखात्यात. 1939 ते 1943 या काळात ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग मुंबईला जे.जे.त, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, आणि 1950 मध्ये फ्रान्सला. हरी अंबादास गाडे आपल्या वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली आणि चित्रकलेचं शिक्षण रझांसारखंच नागपुरात घेतलं. 1947 मध्ये मुंबईत आधुनिक चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, तेव्हा त्याच्या सहा संस्थापकांपैकी दोघे या नागपुरात शिकलेले होते, आणि दोघेही त्या वेळी मुख्यतः निसर्गचित्रं करत होते. आपल्या शहरात ही गोष्ट शाळेतल्या मुलांना माहीत नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. (चित्रकार वासुदेव गायतोंडेंचा जन्मही 1924 मध्ये नागपूरचाच. पण ते वाढले, घडले इथून दूर. त्यांना आपले म्हणून मिरवण्यात मला अर्थ वाटत नाही.)

रझांचा पुढचा प्रवास बारकाईनं वाच. 1948 मध्ये ते काश्मीरला गेले. तिथे छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रं पाहिली आणि सांगितलं की रंग आहेत, पण रचना कमी पडते. फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करा. पंचविशी ओलांडलेल्या, मुंबईत नाव होऊ लागलेल्या चित्रकाराला हे ऐकवलं गेलं. रझांनी ते मनावर घेतलं, फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिस गाठलं आणि सेझान प्रत्यक्ष पाहिला. पन्नासच्या दशकातली त्यांची फ्रेंच गावांची चित्रं बघ, घरं कशी एकमेकांना धरून उभी आहेत. 1956 मध्ये त्यांना प्री द ला क्रितीक हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. पण पुढे, फ्रान्समध्ये घरदार असताना, त्यांच्या चित्रांत वर आलं ते मंडल्याचं जंगल, तिथली रात्र, तिथली माती. त्यांना नर्मदेपासून अर्धं जग दूर राहूनही ते सगळं रंगवता आलं, कारण ते आधी अंगात मुरलेलं होतं. तुझ्या अंगात काय मुरलंय? अशी आतली पिशवी भरण्याआधी मुंबईचं तिकीट काढू नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे.

चित्रकार गणेश हालोईंचं उदाहरण याहून हलवणारं आहे. जन्म 1936, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरचा. फाळणीनंतर घर सुटलं, कोलकात्याला आले. नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणासाठी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याची नोकरी केली. किती वर्षं हे काम करणारी माणसं त्या गुहांत बसून रेषा न् रेषा उतरवत होती, विचार कर. पुढे कोलकात्याच्या शासकीय कला महाविद्यालयात शिकवलं. त्यांच्या अमूर्त वाटणाऱ्या चित्रांत आजही शेतं, पाणी, बांध असतात. गाव परत मिळालं नाही, पण चित्रातून गेलंही नाही.

आता बनारस. चित्रकार रामकुमार सिमल्याचे, अर्थशास्त्र शिकलेले. बँकेतली नोकरी सोडून पॅरिसला गेले, आंद्रे लोत आणि फेर्नां लेजे या चित्रकारांकडे शिकले. तोवर ते माणसं रंगवत होते, शहरातली उदास, एकटी माणसं. 1960 मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्यासोबत बनारसला गेले आणि हळूहळू त्यांच्या चित्रांतून माणूसच नाहीसा झाला. उरल्या त्या भिंती, पायऱ्या, पाणी, राखेचे रंग. ते पुढे अनेक वर्षं त्या शहराशी झगडत राहिले. तुझ्या चित्रात घाट आहे, छत्र्या आहेत, होडी आहे, साधू आहे. सगळं आहे, म्हणून नजर कुठेच थांबत नाही. बनारस तुला रंगवायचंच असेल तर तिथे जाऊन राहा, पण सहलीतल्या फोटोवरून करू नकोस.

आणि नागपुरात रंगवण्यासारखं काही नाही, असं जे तू लिहिलंस, ते मला अजिबात मान्य नाही. उलट आपल्याकडचा प्रकाश अवघड आहे, म्हणून लोक तो टाळतात. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर जाऊन बघ (डोक्याला दुपट्टा बांध, पाणी बरोबर ठेव). आकाश निळं नसतं. धुळीनं पांढुरकं, कडेला पिवळट झालेलं असतं. जमीन इतकी उजळलेली असते की सावलीतही खालून प्रकाश परततो, त्यामुळे सावली पुस्तकात सांगतात तशी निळी-जांभळी न दिसता मातकट, ऊबदार दिसते. काळी जमीन भेगाळून राखाडी होते आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की एका संध्याकाळीत खरोखरची काळी होते. साग निष्पर्ण उभा असतो, आणि त्याआधी फाल्गुनात पळस पानांशिवाय पेटलेला असतो. हे रंग कोकणच्या पॅलेटमध्ये नाहीत. तू सॅप ग्रीनची, त्या तयार हिरव्या रंगाची, ट्यूब महिनाभर बाजूला ठेव.

जलरंगाचं तंत्रही इथे बदलावं लागतं. उन्हाळ्यात फुटाळा तलावाच्या काठावर सकाळी नऊनंतर मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, ओढायला गेलीस तर खाली पोचेपर्यंत वरचा भाग सुकलेला असतो आणि नको तिथे कडा पडते. ओल्यात ओला रंग सोडायची तुझी सवय तिथे कामाची नाही. एकतर उजाडताच बस आणि आठपर्यंत उठ. किंवा कागद छोटा घे, ब्रश कोरडा ठेव, कागदाचा पांढरा मोकळा सोड आणि त्या पांढऱ्यालाच ऊन होऊ दे. पावसाळ्यात बरोबर उलटं होतं, वॉश तासभर सुकत नाही. तेव्हा तुझा ओला हात मनसोक्त चालव. हवामानाप्रमाणे हात बदलला की चित्रही आपोआप इथलं होऊ लागतं.

जागा एकच धर. कोल्हापुरात आबालाल रहिमान यांनी तेच केलं. जे.जे.त शिकलेला, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा चित्रकार 1931 मध्ये वारला, तोवर कोटीतीर्थाच्या परिसरातच राहिला आणि आसपासचं पाणी, झाडं, पहाट-संध्याकाळ रंगवत राहिला. त्यांचं बरंचसं काम आज हाती नाही. जे उरलंय त्यातलं पाणी मात्र पाहून घे, तुला प्रतिबिंबांची आवड आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

तुझी जागा सुंदर असलीच पाहिजे असं नाही. अंबाळा तलावाच्या काठावरून रामटेकची टेकडी घेतलीस तर उत्तम. काटोलकडची संत्र्याची बाग घेतलीस तर तिच्या पानांचा तो काळपट हिरवा मिळवताना घाम फुटेल. पण कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी, वर्धा रोडवरचे मेट्रोचे खांब, महालातल्या पडक्या वाड्याशेजारी उभी राहिलेली नवी इमारत, हेही निसर्गचित्रच आहे. चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी ठाणं असंच रंगवलं: पूल, रेल्वे, डोंगर कापून चढलेली घरं. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, त्या शहराचं चित्र अजून कुणीतरी करायचं आहे.

मुलीनं एकटीनं आडबाजूला बसून चित्र काढायचं म्हणजे काय होतं, हे मला ठाऊक आहे. माणसं भोवती गोळा होतात, प्रश्न विचारतात, काही नुसतेच बघत उभे राहतात. गोरेवाड्याच्या जंगलाच्या बाजूला एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला घेऊन जा. आणि गच्ची आहेच. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या सांडग्यांची खाट, मागे सेमिनरी हिल्सची रेषा: एवढ्यावर एक वर्ष निघेल. चित्रकार बी. प्रभा आपल्याच जिल्ह्यातल्या बेला गावच्या. नागपुरात शिकून जे.जे.ला गेल्या आणि काळ आजच्याहून कितीतरी कठीण असताना व्यावसायिक चित्रकार म्हणून उभ्या राहिल्या. त्यांचा विषय निसर्गचित्राचा नव्हता, कष्टकरी बायांचा होता, पण तुझ्या घरच्यांना सांगायला हे नाव उपयोगी पडेल.

आता पोटाचं. हॉटेलांसाठी आणि फ्लॅटसाठी सोफ्याच्या रंगाला जुळणारी चित्रं करून देणारा तो ठेकेदार तुला महिन्याला ठरावीक रक्कम देऊ करतोय, हे वाचलं. पैसा चोख असेल तरी हे काम घेऊ नकोस. ज्या हातानं स्वतःचं चित्र करायचं, तोच हात दिवसभर दुसऱ्याच्या ठरलेल्या दृश्यावर झिजला की संध्याकाळी तो तीच दृश्यं काढतो. तुझ्या होड्यांत मला त्याची सुरुवात दिसते. त्यापेक्षा दुसरी नोकरी बरी. पटवर्धन 2005 पर्यंत रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते. सा. ल. हळदणकरांनी मुंबईत स्वतःचा कलावर्ग काढला, व्यक्तिचित्रं केली आणि जलरंगातली निसर्गचित्रंही केली. ना. श्री. बेंद्रे इंदूरचे, तरुणपणी काश्मीरच्या पर्यटन विभागासाठी काम केलं, 1950 पासून बडोद्याला शिकवलं. विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या आणि स्वतःचं रंगवणं थांबवलं नाही. म्हणजे शिकवणं, छपाई, डिझाइन, काहीही चालेल, फक्त पहाट तुझी राहिली पाहिजे. तुला ज्या शाळेत कलाशिक्षिकेची जागा मिळतेय, ती घे. सकाळची पाळी असेल तर दुपारची मागून बघ.

प्रदर्शनाची घाई करू नकोस. मुंबईच्या जहांगीर कलादालनात तारीख मिळायला काही वर्षं जातात, म्हणून अर्ज आत्ताच टाकून ठेवायला हरकत नाही. पण दालन भाड्यानं घेऊन, कर्ज काढून, फ्रेमांवर पैसे घालून पुढच्याच हिवाळ्यात इथे प्रदर्शन करायचा बेत सोड. माउंट केलेले कागद फोल्डरमध्ये ठेव. विकायचं तर सुटा कागद विक, किंमत कमी ठेव, पण प्रत्येकाला वेगळी सांगू नकोस. आणि विकलेल्या प्रत्येक चित्राचा चांगला फोटो, माप, घेणाऱ्याचं नाव वहीत नोंदव. आबालाल यांच्या कामाचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

तर आता असं कर. येत्या गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत एक जागा. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, वेळ आणि ऊन कसं होतं ते पेन्सिलनं लिही. जे.जे.च्या प्रवेशाची जाहिरात आली की अर्जही भर, मुदत चुकवू नकोस. मुलाखतीला बनारस नको, हेच कागद घेऊन जा. त्याआधी दर दोन महिन्यांनी मला आणून दाखव. रविवारी मी घरीच असतो, दुपारी चारनंतर ये, आणि बिघडलेलेही आण. ते फाडून टाकायची तुझी सवय मला माहीत आहे.

तुझा,
सर