फी कर्जातून, घर बचतीतून

प्रश्न: मी २८ वर्षांची, मिरजेत राहते. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केल्यापासून सहा वर्षं एका साठ खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, हातात १९,००० येतात. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत आहेत, त्यांना ३२,००० मिळतात. मुलगी अडीच वर्षांची. मी ड्युटीवर असताना सासूबाई बघतात, पण त्यांच्या गुडघ्यांनी आता मान टाकली आहे. मला डिप्लोमानंतरची दोन वर्षांची डिग्री, पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग, करायची आहे, त्यासाठी नोकरी सोडावी लागेल. कोल्हापूरच्या कॉलेजची फी वर्षाला १ लाख १० हजार, मिरजेतल्या कॉलेजची १ लाख ४० हजार. कोल्हापूरला जाण्यायेण्याचे महिन्याला अडीच हजार होतील. पाळणाघर अर्धा दिवस २,५००, पूर्ण दिवस ४,५००. एफडी २ लाख ४० हजारांची आहे. मुलीच्या सुकन्या खात्यात महिन्याला ५,००० भरतो, मिस्टरांच्या विम्याचा हप्ता वर्षाला २८,०००, गाडीचा हप्ता ३,४०० (अजून आठ महिने), बाकी घरखर्च ३६,०००. घर स्वतःचं. मिस्टर म्हणतात, कर्ज नको, एफडी मोडून कोल्हापूरची फी भरू. सासूबाई म्हणतात, माझ्या पाटल्या मोडा. माझ्या पुढच्या पगाराबद्दल विचाराल तर मेट्रन (आमच्या मुख्य नर्स) म्हणतात, डिग्री झाली की इथेच बावीस-तेवीस हजार होतील.

उत्तर: ताई, तुम्ही आकडे इतके नीट दिलेत की माझं अर्धं काम झालं. घरात मतभेद फीवरून चालले आहेत, पण या हिशेबात फी दुसऱ्या नंबरवर आहे. पहिल्या नंबरवर तुमचा बंद होणारा पगार आहे: १९,००० गुणिले २४, म्हणजे ४ लाख ५६ हजार. कोल्हापूरची दोन वर्षांची फी २ लाख २० हजार, मिरजेची २ लाख ८० हजार. यातलं कुठलंही कॉलेज घ्या, पगाराचा खड्डा फीपेक्षा मोठाच राहतो.

कोल्हापूर स्वस्त नाही, हे आधी मिस्टरांना दाखवा. फीत वर्षाला ३०,००० वाचतात खरे. पण अकरा महिन्यांचा प्रवास २७,५०० खाऊन टाकतो, आणि तुम्ही संध्याकाळी उशिरा परतणार म्हणून पाळणाघर पूर्ण दिवसाचं घ्यावं लागतं, त्याचे वर्षाला २४,००० जास्त. म्हणजे स्वस्त कॉलेज वर्षाला एकवीस-बावीस हजारांनी महाग पडलं. यात मुलगी तापाने फणफणली तर तुम्ही पन्नासेक किलोमीटर लांब असाल, हे धरलेलंच नाही. आणि दांडी मारायची सोय नाही. डिग्री हातात पडायला थिअरीला ८० टक्के आणि प्रात्यक्षिकाला पूर्ण १०० टक्के हजेरी लागते. ‘हजेरीचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही नोकरी करत राहा’ असं एखाद्या कॉलेजने सांगितलं तर तिथून उठून या. मिरज घ्या. मात्र १ लाख ४० हजार हा आकडा तोंडी घेऊ नका. विनाअनुदानित कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर असते. त्या आकड्याशी ताडून बघा, वरचे पैसे कशाचे ते लेखी मागा.

आता मला जो प्रश्न सगळ्यात आधी पडला, तो. ही डिग्री कशासाठी? मेट्रन म्हणतात तसे याच हॉस्पिटलात महिन्याला चार हजार वाढणार असतील, तर वर्षाचे ४८,००० झाले. तुमचा एकूण खर्च बुडालेला पगार, फी आणि व्याज धरून आठ लाखांच्या घरात जातो. तो भरून निघायला सोळा-सतरा वर्षं लागतील. एवढ्यासाठी हा घाट घालू नका, असंच मी म्हणेन. नर्सिंग कॉलेजात ट्यूटर व्हायचं असेल, पुढे एमएस्सी करायचं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पोस्ट बेसिकशिवाय दारच उघडत नाही. पण सरकारी नोकरी डोक्यात असेल, तर थांबा. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी जी नॉरसेट परीक्षा होते, तिला जीएनएम आणि किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव चालतो. तुमच्याकडे साठ खाटा आणि सहा वर्षं आहेत. म्हणजे तुम्ही आजच पात्र आहात, आणि तिथे मूळ वेतनच ४४,९०० पासून सुरू होतं. राज्याच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) भरतीलाही जीएनएम चालतं.

नॉरसेटला वयाची अट ३० वर्षं आहे. ओबीसींना ३, एससी-एसटींना ५ वर्षांची सूट मिळते. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. खुल्या प्रवर्गात असाल तर कॉलेजची दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत हे दार बंद झालेलं असेल. दोन वर्षं अभ्यास करून बाहेर यायचं आणि ज्या नोकरीला आज बसता येतं तिचं वय निघून गेलेलं असायचं, असा प्रकार मी होऊ देणार नाही. तेव्हा या वर्षी नोकरी सोडू नका. नॉरसेट द्या, राज्याची जाहिरात आली तर तिथेही अर्ज करा. कॉलेजचा प्रवेश पुढच्या वर्षी. नॉरसेटमधून नेमणूक देशातल्या कुठल्याही एम्सला होऊ शकते. आपल्याकडे नागपूरला एम्स आहे, पण तिथेच जागा मिळेल असं नाही. कितपत लांब जायची तयारी आहे हे फॉर्म भरायच्या आधी दोघांनी बसून बोला.

एक वर्ष थांबण्यात पैशाचाही फायदा आहे, आणि तो बराच आहे. आज घरात ५१,००० येतात, विम्याचा महिन्याचा वाटा धरून ४६,७०० जातात, सव्वाचार हजार उरतात. ते वर्षभर बाजूला टाकले की ५१,०००. आठ महिन्यांनी गाडीचा हप्ता संपला की पुढच्या चार महिन्यांचे १३,६००. तिसरी गोष्ट ऐकून घरात कपाळाला आठ्या पडतील: सुकन्याचे महिन्याचे ५,००० आत्ताच थांबवा. खातं बंद करायचं नाही. वर्षाला २५० रुपये भरले तरी ते चालू राहतं, आणि आधी जमलेल्या रकमेवर आज ८.२ टक्के व्याज मिळतच राहतं. तो पैसा मुलगी १८ची होईपर्यंत किंवा दहावी पास होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, तिच्या शिक्षणालाही काढता येत नाही, आणि तेव्हाही अर्धाच. तिच्या कॉलेजला पंधरा वर्षं आहेत, तुमचं दारात उभं आहे. मुलीच्या नावाचा पैसा आईने थांबवायचा म्हटलं की बायकांच्या मनाला फार लागतं, मला माहीत आहे. तुम्ही तो तिच्याकडून काढून घेत नाही आहात, तीन वर्षं पुढे ढकलता आहात.

असे वर्षाचे साधारण १ लाख २४ हजार जमतात. शेवटचे दोन महिने पाळणाघर सुरू करून बघा, त्याचे पाच हजार गेले तरी एफडी ३ लाख ६० हजारांच्या आसपास पोचते. मुलगीही तोवर साडेतीनची होईल. अंगणवाडीत तीन वर्षांपासून घेतात, त्यामुळे सासूबाईंवरचा भार सकाळचा तरी उतरेल. तुमचं शिक्षण संपेल तेव्हा ती साडेपाच वर्षांची असेल, म्हणजे पहिलीत जायच्या आधी तुम्ही मोकळ्या. या दोन वर्षांत डोनेशन देऊन मोठ्या नर्सरीत घालायचा आग्रह कुणी केला, तर हात जोडा.

आता कर्ज. मिस्टरांना कर्जाची भीती वाटते ती चांगली सवय आहे, पण इथे ती उलटी पडेल. शैक्षणिक कर्ज फीला मिळतं, पुस्तकांना, युनिफॉर्मला, परीक्षा शुल्काला मिळतं. किराण्याला मिळत नाही, पाळणाघराला मिळत नाही, सासूबाईंच्या औषधांना मिळत नाही. एफडी फीत घातली की सातव्या-आठव्या महिन्यात घरखर्चाला हात तोकडे पडतात, आणि तेव्हा जे पर्सनल लोन घ्यावं लागतं त्याचं व्याज शैक्षणिक कर्जापेक्षा कितीतरी जास्त असतं. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. म्हणून फी कर्जातून भरा आणि घर बचतीतून चालवा.

हिशेब असा. तुमचा पगार बंद झाल्यावर घरात ३२,००० येतील. घरखर्च, विमा आणि अर्धा दिवस पाळणाघर मिळून ४०,८०० जातील. महिन्याची तूट ८,८००, चोवीस महिन्यांची सुमारे २ लाख १२ हजार. ती एफडीतून भरली तरी दीड लाखाच्या जवळपास शिल्लक राहते, म्हणजे साडेतीन महिन्यांचा घरखर्च. याला हात लावायचा नाही. (याच वर्षी गेलात तर? गाडीचे आठ हप्ते धरून तूट २ लाख ३९ हजार होते, सुकन्या थांबवूनसुद्धा. एफडी २ लाख ४०. हजार रुपयांच्या शिलकीवर दोन वर्षं काढायची.)

फीचं कर्ज २ लाख ८० हजार. चार लाखांच्या आतल्या कर्जाला सरकारी बँका तारण मागत नाहीत, तिसरा जामीनदारही लागत नाही. विवाहितेच्या बाबतीत सहकर्जदार म्हणून नवरा चालतो. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही, आणि त्या काळात सरळ व्याज लागतं. दहा टक्के दर धरला तर पहिल्या वर्षीच्या १ लाख ४० हजारांवर तीन वर्षांचं ४२,००० आणि दुसऱ्या वर्षीच्यांवर दोन वर्षांचं २८,०००. हप्ते सुरू होताना देणं साडेतीन लाख, सात वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला सुमारे ५,८००. बऱ्याच सरकारी बँका विद्यार्थिनींना व्याजात अर्धा टक्का सवलत देतात, ती मागून घ्या. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात ३ टक्के सवलत आहे, पण ती यादीतल्या निवडक संस्थांनाच. तुमचं कॉलेज यादीत आहे का, पोर्टलवर बघा. आणि कुणी शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरच्या कर सवलतीचं गाजर दाखवलं तर लक्ष देऊ नका. तुमच्या उत्पन्नावर आज कर लागत नाही, मग वाचवणार काय?

कर्जाआधी एक चौकशी मात्र कराच, कारण तिच्यामुळे कर्जाची गरजच कमी होऊ शकते. २०२४-२५ पासून राज्याने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की माफी गेली. ‘आमच्याकडे थेट जागा आहे, कशाला राउंडची वाट बघता’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. लग्न झालेल्या विद्यार्थिनीने कुणाच्या उत्पन्नाचा दाखला द्यायचा, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर प्रवेशाआधी विचारा आणि दाखला उन्हाळ्यातच काढून ठेवा. जूनमध्ये तहसील कार्यालयात रांगा असतात.

दोन वर्षं घर एकाच पगारावर चालणार, तेव्हा मिस्टरांच्या विम्याकडे बघायलाच हवं. २८,००० हप्त्याच्या पॉलिसीत संरक्षण किती, ते कागदावर वाचा; बहुतेक वेळा ते चार-पाच लाख निघतं. त्यांच्यासाठी पन्नास लाखांचा टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा) घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. टर्म इन्शुरन्स हातात आल्यावर जुनी पॉलिसी पेड-अप करता येते का, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवता येते का, ते विचारा. क्रम उलटा करू नका, नवी मिळायच्या आधी जुनी सोडायची नाही. तुमचा पगार ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) २१,००० च्या मर्यादेत बसत असेल, तर नोकरीबरोबर घरच्यांचं ते संरक्षणही जाईल. मिस्टरांच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुम्ही आणि मुलगी आहात का, हे राजीनाम्याआधी बघा. पीएफ काढू नका, राहू द्या.

राजीनामा देताना अनुभवाचा दाखला घ्याल, त्यावर खाटांची संख्या आणि कामाच्या तारखा लिहून घ्या. नंतर मागायला गेलं की महिनोन्‌महिने फेऱ्या मारायला लावतात.

सासूबाईंना सांगा, पाटल्या कपाटातच असू द्या. शिलकीच्या दीड लाखालाही हात लागला, तर पाटल्या बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज काढता येईल आणि फेडल्यावर त्याच पाटल्या परत मिळतील. मोडल्या तर घडणावळीचे पैसे गेले ते गेलेच.