गडाच्या नकाशावर उत्तर कुठे दाखवावी?

गडाच्या दरवाजापाशी लावायच्या फलकावर जुन्या नकाशांसारखं नक्षीदार दिशाचक्र काढावं की साधा बाण पुरे, असं तुम्ही विचारलंय. माझं मत बाणाला. पण चक्रावर अन्याय नको, कारण मुळात ते शोभेचं नव्हतंच.

भूमध्य समुद्रातले खलाशी दिशा ओळखायचे वाऱ्यांच्या नावांनी. उत्तरेचा त्रामोंताना, पूर्वेचा लेव्हान्ते, असे आठ वारे. त्यांचे अर्धे आणि पाव भाग पाडत दिशा झाल्या ३२, म्हणजे दर दोन दिशांत सव्वाअकरा अंश. जहाजाची दिशा ठरवायला नकाशाभर या दिशांच्या रेघांचं जाळं असे: मुख्य वाऱ्यांच्या काळ्या, अर्ध्यांच्या हिरव्या, पाव भागांच्या तांबड्या. एवढ्या गुंत्यात हवी ती रेघ रंगावरूनच सापडायची. ज्ञात नकाशांपैकी चक्र पहिल्यांदा दिसतं ते १३७५च्या सुमाराच्या कॅटलान नकाशासंग्रहात. उत्तरेचं लिलीचं फूल आणि पूर्वेचा क्रूस हे शृंगार पुढचे. आजच्या सागरी नकाशावरही चक्र असतं आणि ते राबतं: बाहेरचं कडं खऱ्या, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या उत्तरेचं, आतलं होकायंत्राची सुई दाखवते त्या उत्तरेचं. दोन्हींतला फरक आणि तो दरवर्षी किती सरकतो, हेही तिथेच छापलेलं असतं. महाराष्ट्रात हा फरक एक अंशाच्याही आत आहे, त्यामुळे गडाच्या फलकावर त्याचा विचार सोडून द्या.

फलकावरच्या चक्रातून कोणी रेघ ओढणार नाही. मग जागा का अडवायची? फारच हौस असेल तर कोपऱ्यात, तटबंदीच्या रेषेवर न चढता, रुपयाएवढं काढा.

खरी चूक वेगळीच होते. एका गडावर आम्ही छापील पत्रक घेऊन पाण्याचं टाकं शोधत होतो. कागदात बसावा म्हणून कोणीतरी नकाशा आडवा फिरवला होता, बाण मात्र होता तसाच वर! भर उन्हात अर्धा तास उलट्या माचीवर घालवला. टाकं दरवाजाच्या मागेच होतं.

हातातला नकाशा माणूस फिरवून धरतो, रोवलेला फलक फिरत नाही. म्हणून वाचणाऱ्याचं तोंड ज्या दिशेला असेल ती बाजू नकाशात वर घ्या. दरवाजातून आत शिरणारा दक्षिणेकडे बघत असेल तर दक्षिण वर, बाण खाली. ‘नकाशा उलटा छापलाय’ असं दोघंचौघं म्हणतीलच, म्हणून बाणाच्या टोकाशी ‘उ’ ठळक लिहा आणि ‘तुम्ही इथे आहात’चा तांबडा ठिपका द्या. फलक रोवायची जागा आणि त्याचं तोंड आधी नक्की करा, मगच नकाशा छपाईला पाठवा.