‘फ्रिगेट’ला मराठीत गलबत म्हणावे का?

प्रश्न असा आहे : ‘कॉन्स्टंट वॉरिक’ या सतराव्या शतकातल्या इंग्रज फ्रिगेटची कारकीर्द मराठीत लिहायची आहे. फ्रिगेटला गलबत म्हणावे, गुराब म्हणावे की नुसते लढाऊ जहाज? आणि त्याच नोंदीत येणाऱ्या ‘फोर्थ रेट’, ‘रीबिल्ट’, ‘पेड ऑफ’ या शब्दांचे काय करावे?

‘फ्रिगेट’ हा शब्द तसाच ठेवावा आणि ‘नौका’ मनात धरून स्त्रीलिंगी चालवावा : ती फ्रिगेट, त्या फ्रिगेटी. गलबत मात्र म्हणू नये. ‘फ्रिगेट म्हणजे लहान युद्धनौका’ अशी कंसातली समजूतही घालू नये, कारण सतराव्या शतकाच्या मध्यावर ती खरी नव्हती.

मूळ शब्द भूमध्य समुद्रातला. इटालियन ‘फ्रेगाता’ म्हणजे वल्ह्यांवर चालणारी लहान, हलकी, वेगवान होडी. तिथून तो फ्रेंचमध्ये गेला, स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये गेला. पुढे डंकर्कच्या खासगी लढवय्यांनी लांबट, बुटक्या बांध्याची शिडाची जहाजे काढून इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांना सळो की पळो करून सोडले, तेव्हा हेच नाव त्या जहाजांना चिकटले. वल्ही गेली, वेगाची कीर्ती राहिली. इंग्रजांनी शब्द घेतला तो या दुसऱ्या अर्थाने. त्यांच्या लेखी फ्रिगेट हा बांध्याचा प्रकार होता, आकाराचा नव्हे. म्हणून १६५० साली बांधलेले ‘स्पीकर’ हे पन्नासेक तोफांचे, दोन तोफमजल्यांचे दणकट जहाजही त्या काळी फ्रिगेटच म्हणवले गेले. एकाच मुख्य तोफमजल्याची, टेहळणीची आणि व्यापारी ताफ्याच्या पाठराखणीची नौका हा आजच्या इतिहासपुस्तकांतला अर्थ अठराव्या शतकाच्या मध्यापासून पक्का झाला. तो शंभर वर्षे मागे नेऊन लावला की घोटाळा सुरू होतो.

बांध्यातला फरक आकड्यांत पाहा. ‘कॉन्स्टंट वॉरिक’ १६४५ साली पीटर पेटने टेम्सकाठी रॅटक्लिफ येथे बांधली. तिच्या कीलची, म्हणजे तळाच्या कण्याची लांबी ८५ फूट आणि रुंदी २६ फूट ५ इंच. म्हणजे लांबी रुंदीच्या सव्वातीन पट. त्याआधी आठ वर्षे बांधलेल्या ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ या राजाच्या अवाढव्य जहाजाचा कणा १२७ फूट आणि रुंदी साडेसेहेचाळीस फूट, म्हणजे पावणेतीन पटींहून किंचित कमीच. हा अर्धा पट म्हणजे फ्रिगेट. शिवाय वरचे बांधकाम कमी, मागच्या बाजूचा मनोरा ठेंगणा, वारा अडवणारे लाकूड थोडे. त्याची किंमतही मोजावी लागे : तोफांच्या खिडक्या पाण्याच्या फार जवळ येत आणि समुद्र खवळला की वाऱ्याच्या उलट बाजूच्या खालच्या खिडक्या उघडताच येत नसत. आरमाराच्या ताब्यात आल्यावर या चपळ नौकांवर तोफा चढत गेल्या, वरचे मजले वाढले आणि पळणारी फ्रिगेट मंदावली. खुद्द ‘कॉन्स्टंट वॉरिक’विषयी ही तक्रार त्याच शतकात झालेली आहे.

तिला ‘इंग्लंडची पहिली फ्रिगेट’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि त्यामागे त्याच शतकातला आरमाराचा अधिकारी सॅम्युअल पेपिस याची टिपणे आहेत. पेटने टेम्समध्ये एक फ्रेंच फ्रिगेट पाहून तिच्यावरून नमुना घेतला, असे त्यात आहे. मराठीत लिहिताना एवढे भान ठेवावे की ती मुळात आरमाराची नव्हतीच. वॉरिकचा अर्ल आणि त्याचे भागीदार यांची ती खासगी लढाऊ नौका होती. आरमाराने स्वतःसाठी बांधलेल्या ‘ॲडव्हेंचर’, ‘नॉनसच’ आणि ‘ॲश्युरन्स’ या फ्रिगेटी १६४६ च्या. तेव्हा ‘आरमाराची पहिली फ्रिगेट’ असे लिहिले तर ते चूक ठरेल. ‘खासगी’वरून आठवले, ‘प्रायव्हेटीअर’ला ‘चाचे’ म्हणू नका. त्याच्याजवळ शत्रूची जहाजे धरण्याचा सरकारी परवाना असे. चाच्याजवळ तो नसे. परवाना कोणाचा मानायचा हा मात्र ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न होता. आंग्र्यांना चाचे म्हणणाऱ्या इंग्रजांना हे चांगले ठाऊक होते.

आता गलबत का नको. पोर्तुगीजांनी ‘फ्रागाता’ हा शब्द गोव्याकडे आणला तो जवळजवळ मूळ अर्थाने, म्हणजे वल्ह्या-शिडाची लहान लढाऊ नाव. सुरत-मुंबईच्या इंग्रज वखारवाल्यांनी तो तिथून उचलला आणि मराठ्यांच्या गलबतांना सरसकट ‘फ्रिगेट’ लिहिले. फेब्रुवारी १६६५ मधल्या शिवाजी महाराजांच्या कर्नाटक किनाऱ्यावरील बसरूरच्या स्वारीबद्दल इंग्रजांच्या पत्रात ‘८५ फ्रिगेट आणि तीन मोठी जहाजे’ असा मजकूर येतो. त्यातल्या ८५ फ्रिगेटी म्हणजे गलबते. ‘कॉन्स्टंट वॉरिक’सारखी ८५ जहाजे कोकण किनाऱ्यावर होती असे समजणे म्हणजे उगाच छाती फुगवून घेणे. आणि उलट, ‘कॉन्स्टंट वॉरिक’ला गलबत म्हटले की मराठी वाचकापुढे ती पाचपट लहान होऊन उभी राहते. अठराव्या शतकातली इंग्रज वर्णने गलबताला फार तर ७० टनांचे ठरवतात. या फ्रिगेटचा हिशेब ३१५ टन निघतो. थोडक्यात, एकाच दशकात एकाच भाषेतला एकच शब्द टेम्सवर एका वस्तूला लागत होता आणि मालवणच्या समुद्रात दुसऱ्या. वखारीच्या पत्रातला ‘फ्रिगेट’ मराठीत ‘गलबत’ करावा, इंग्लंडच्या आरमारातला ‘फ्रिगेट’च राहू द्यावा.

गुराब आकाराने जवळ येते. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची असे. पण तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, ठेंगणी आणि पुढे झेपावलेली, तिच्या मुख्य तोफा नाळेवरून समोर मारा करणाऱ्या. फ्रिगेट मारते ती दोन्ही कुशींतून. मारण्याची दिशाच वेगळी असेल तर नाव सारखे ठेवून चालत नाही.

टनांबद्दल एक खुलासा, कारण इथे भले भले चुकतात. हे टन जहाजाच्या वजनाचे नव्हेत. शब्द आला दारूच्या मोठ्या पिंपावरून. जहाजात अशी किती पिंपे मावतील याचा तो अंदाज. रूढ झालेले सूत्र असे : कण्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले निम्मी रुंदी, भागिले ९४. करून पाहा : ८५ × २६.४२ × १३.२१ म्हणजे सुमारे २९,६७०. त्याला ९४ ने भागले की ३१५. आपल्याकडे जहाजाची भरती खंडीत सांगत, तो याच जातीचा हिशेब. म्हणून ‘३१५ टन वजनाची’ असे न लिहिता ‘३१५ टन भरतीची’ असे लिहावे.

‘फोर्थ रेट’चे ‘चौथ्या दर्जाची’ असे भाषांतर हमखास केले जाते आणि ते वाचून जहाज टाकाऊ होते असे वाटते. मराठीत दर्जा हा शब्द गुणवत्तेला घट्ट चिकटलेला आहे. हे रेट मुळात माणसांच्या संख्येवरून ठरले आणि कप्तानाचा पगार त्यावर अवलंबून असे. चौथ्या रेटची जहाजे तर युद्धाच्या फळीत उभी राहत. ‘चौथ्या वर्गाची’ म्हणावे. ‘श्रेणी’ हा शब्द चांगला आहे, पण हल्ली तो ‘शिवालिक श्रेणी’सारख्या एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांसाठी रुळला आहे, तो तिथेच असू द्या. तोफांचा आकडाही एकच नसतो. युद्धात, मायदेशाजवळ असताना जास्त तोफा. दूरदेशी जाताना किंवा शांततेत कमी, कारण शिधा आणि पाण्याला जागा लागे. दोन पुस्तकांत ४२ आणि ३६ असे वेगळे आकडे दिसले तर लगेच एकाला चूक ठरवू नका.

‘रीबिल्ट’ हा सगळ्यात फसवा शब्द. ‘दुरुस्त केली’ म्हटले तर फारच थोडे सांगितले जाते. त्या काळी जुने जहाज गोदीत घेऊन उकलत, धड असलेली लाकडे निवडून ठेवत, नवी घालत आणि बऱ्याचदा मापेही बदलत. ‘कॉन्स्टंट वॉरिक’ १६६६ साली पोर्टस्मथला या प्रक्रियेतून बाहेर आली तेव्हा कणा ९० फूट आणि रुंदी २८ फूट २ इंच झाली होती. भरती ३१५ वरून ३७९ टन. आपल्या देवळांचा जीर्णोद्धार होतो तसेच हे : देव तोच, नाव तेच, भिंती नव्या. जहाजाला ‘जीर्णोद्धार’ लावला तर हसू येईल, तेव्हा ‘नव्याने बांधणी’ म्हणा आणि ‘डागडुजी’ हा शब्द फळ्यांच्या सांधेभरणीसाठी राखून ठेवा. नुसती रुंदी वाढलेली दिसली तर मात्र नवी बांधणी झाली असे समजू नका. जहाज फार कलू लागले की पाण्याच्या रेषेपाशी दोन्ही अंगांना जाड फळ्यांचा पट्टा ठोकत. त्याला कंबरपट्टा म्हटले तर चालेल.

‘पेड ऑफ’ म्हणजे निवृत्त नव्हे. जहाजाला कायमचे खलाशी नसत. मोहिमेपुरती भरती होई, मोहीम संपली की पगाराचा हिशेब होऊन माणसे पांगत. (पैसे नसले की हातात चिठ्ठी, आणि ती चिठ्ठी बंदरातला सावकार पडत्या भावात विकत घेई.) जहाज तेच राही, पुढच्या वर्षी नव्या माणसांनिशी निघे. ‘खलाशांचा हिशेब चुकता करून फ्रिगेट मोकळी केली’ असे लिहावे. नंतर ती बिनकामाची नांगरून ठेवली जाई, त्यासाठी कोकणातला ‘शाकारणे’ हा शब्द मोह पाडतो. आगोटीला होड्या ओढून झापांनी शाकारतात, तशी इंग्रजांची मोठी जहाजे हिवाळ्यात मोकळी करून ठेवत. पण शाकारणे म्हणजे किनाऱ्यावर झाकून ठेवणे, आणि ही जहाजे पाण्यातच असत. शिवाय चौथ्या-पाचव्या वर्गाच्या फ्रिगेटी तर हिवाळी गस्तीलाच लागत. तेव्हा हा मोह टाळावा.

शेवटाचे शब्द मराठीत आयते आहेत. जुने जहाज ‘मोडीत काढले’. शत्रूने धरले तर ‘पाडाव केले’. हा आपल्या आरमारी कागदांतला शब्द, ‘पडाव’ या होडीच्या नावाशी गल्लत करू नये. ‘संक’ (sunk) दिसले की कर्ता शोधावा : वादळात ‘बुडाली’ वेगळे आणि जुने धूड धक्क्याच्या पायात मुद्दाम ‘बुडवले’ वेगळे, आणि दुसरा प्रकार शीअरनेसच्या गोदीत बऱ्याच जहाजांच्या वाट्याला आला. काही म्हाताऱ्या फ्रिगेटींत ज्वालाग्राही पदार्थ भरून त्या शत्रूच्या ताफ्यावर सोडत. त्यांना ‘आगबोट’ लिहू नका. शब्दशः तेच असले तरी मराठी वाचकाला धुराडे आणि रत्नागिरीची फेरी दिसते. ‘पेटती नौका’ पुरे.

नावांची एक अडचण. १६४९ ते १६६० राजाच नव्हता, तेव्हा त्या वर्षांतल्या जहाजाला ‘हिज मॅजेस्टीज’ म्हणणे चूक. आणि ‘एचएमएस’ ही आद्याक्षरे अठराव्या शतकाच्या अखेरीकडची. राजा परतला त्या मे १६६० मध्ये प्रजासत्ताकाची आठवण देणारी नावे पुसली गेली : ‘स्पीकर’ची ‘मेरी’ झाली, ‘नेझबी’चे ‘रॉयल चार्ल्स’, ‘न्यूबरी’ची ‘रिव्हेंज’. हे लिहिताना ‘नाव बदलले’ आणि ‘नाव बदलली’ यांतला फरक जपावा, नाहीतर जहाजच बदलून जाईल. आणखी एक : १६७९ मध्ये खांदेरीला मराठी आरमाराशी लढलेली ‘रिव्हेंज’ ही मुंबईच्या कंपनीची फ्रिगेट, न्यूबरीची झालेली राजाची ‘रिव्हेंज’ नव्हे.

तारखा इंग्रजी कागदांत जुन्या पंचांगाच्या, युरोपाच्या दहा दिवस मागे, आणि वर्ष २५ मार्चला सुरू होणारे. राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद त्यांच्या कागदात ३० जानेवारी १६४८. आपण १६४९ लिहितो. जानेवारी ते मार्चमधली प्रत्येक तारीख तपासावी.

सगळे धरून ती नोंद अशी होईल : ‘कॉन्स्टंट वॉरिक ही फ्रिगेट पीटर पेटने १६४५ साली रॅटक्लिफ येथे परवान्याची खासगी लढाऊ नौका म्हणून बांधली. भरती ३१५ टन. १६४९ साली आरमाराने ती विकत घेतली. १६६६ साली पोर्टस्मथ येथे तिची नव्याने बांधणी होऊन ती ४२ तोफांची, चौथ्या वर्गाची झाली. १६९१ साली फ्रेंचांनी ती पाडाव केली.’ तिच्या नावाचे मात्र ‘एकनिष्ठ वॉरिक’ असे भाषांतर करू नका. १६४८ साली विल्यम बॅटन हा तिचा एक भागीदार पार्लमेंटची बाजू सोडून तिला घेऊन हॉलंडात राजपुत्राकडे गेला आणि काही महिन्यांत तिच्यासकट परतही आला.