कोणी नसताना फोन वाजतो: व्हिडिओ डोअरबेलबद्दल प्रश्नोत्तरे

तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, समोरच लिफ्ट. दिवसभर इशारे येत राहतात. म्हणून मोशनची संवेदनशीलता अगदी खाली आणली, तर आता कुरिअरवाला दारात उभा राहिला तरी फोन गप्प. मधला मार्ग आहे का? (एक वाचक, कोथरूड)

आहे, पण तो संवेदनशीलतेच्या पट्टीवर नाही. ती पट्टी खाली आणली की डोअरबेल छोटे आणि लांबचे बदल सोडून देते, एवढंच. आलेला माणूस तुमच्याकडे आलाय की शेजाऱ्यांकडे, हे तिला त्यातून कळत नाही. म्हणून ती पट्टी पुन्हा मध्यावर ठेवा आणि आधी दोन दिवसांच्या क्लिप बघून कारणांची यादी करा. लिफ्टसमोरच्या फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा तीनच कारणं निघतात: लिफ्टचं दार उघडल्यावर बाहेर पडणारा उजेड, समोरच्यांची ये-जा आणि पॅसेजमधला आपोआप लागणारा दिवा.

पहिल्या दोन कारणांवर उपाय म्हणजे कोन बदलणं. बऱ्याच डोअरबेलसोबत पाचरीसारखी तिरकी प्लेट येते. ती लावून डोअरबेलचं तोंड लिफ्टपासून साधारण १५ अंश फिरवा. प्लेट नसेल तर सुताराकडून लाकडी पाचर करून घ्या. डोअरबेलची रुंदी ५ सेंटिमीटर असेल, तर १५ अंशांसाठी पाचरीची जाड बाजू सुमारे १३ मिलिमीटर लागते. त्यानंतर ॲपमध्ये मोशन झोन (चित्रातल्या ज्या भागातल्या हालचालीवर इशारा हवा तो भाग) आखा आणि त्यात फक्त पायपुसण्यापासून दीड मीटरपर्यंतची फरशी घ्या. लिफ्टचं दार झोनच्या बाहेर राहिलं पाहिजे.

आता दिवा. पॅसेज अंधारा असतो तेव्हा कॅमेरा इन्फ्रारेडवर, म्हणजे कृष्णधवल चित्रावर चालतो. कोणी आलं की दिवा लागतो, कॅमेरा रंगीत चित्रावर उडी मारतो आणि एका क्षणात सगळं चित्र बदलतं. डोअरबेलच्या लेखी ती हालचालच. पॅसेजमध्ये रात्रभर एक ५ वॅटचा एलईडी दिवा चालू ठेवा, असं कमिटीला सुचवा. रोज १२ तास धरले तरी महिन्याला दोन युनिटसुद्धा होत नाहीत. तो दिवा लागला की ॲपमधलं नाइट व्हिजन ‘ऑटो’वरून ‘बंद’ करा. चित्रही चांगलं येईल.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. चार गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाचा आला ते समजत नाही, आणि पुन्हा बिघडलं तर काय उलटवायचं तेही नाही.

घर बैठं, अंगणात माड आणि केळी. पावसाळ्यात रात्री तर कहरच होतो: क्लिपमध्ये पांढऱ्या रेघा दिसतात, बाकी काही नाही. (एक वाचक, चिपळूण)

त्या रेघा म्हणजे पावसाचे थेंब, किडे किंवा कोळ्याचं जाळं. डोअरबेलमधले इन्फ्रारेड एलईडी भिंगाला अगदी खेटून असतात. भिंगापासून १०-२० सेंटिमीटरवर जे काही येईल त्यावर तो प्रकाश सगळ्यात जोरात पडतो, त्यामुळे एवढासा डास पडदाभर पांढरा फराटा ओढून जातो. जाळं तर भिंगासमोर कायमच लटकत असतं आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला हलतं.

इथे खरा उपयोग होतो तो इन्फ्रारेड बंद करून वेगळा दिवा लावण्याचा. दिवा डोअरबेलपासून किमान दीड-दोन मीटर लांब आणि बाजूला हवा, म्हणजे किडे दिव्याभोवती फिरतील, भिंगासमोर नाही. पांढऱ्याऐवजी पिवळसर, २७०० केल्विनचा एलईडी घ्या. त्यावर किडे कमी येतात. असा दिवा ठेवणं शक्यच नसेल, तर आठवड्यातून एकदा मायक्रोफायबरच्या कापडाने भिंग पुसा आणि डोअरबेलच्या वरच्या कडेची जाळी केरसुणीने काढा. भिंगावर तेल किंवा रॉकेलचा हात मात्र लावू नका. त्यावर धूळ चिकटते आणि रात्री चित्र दुधाळ होतं.

पावसाचा मारा थेट येत असेल तर वर छोटी छपरी बसवा, पण तिची कड चित्रात दिसता कामा नये. दिसली तर इन्फ्रारेड तिच्यावरूनच परतेल. डोअरबेलच्या कडेने सिलिकॉन भरताना वरची बाजू आणि दोन्ही उभ्या बाजू भरा, खालची मोकळी सोडा. चारही बाजू बंद केल्या की आत शिरलेलं पाणी अडकतं आणि भिंग आतून धुरकट होतं. कोकणातल्या दमट हवेत हे फार लवकर घडतं.

केळीचं जे पान चित्रात डोकावतं ते कापून टाका. माड कापायचा नाही, तो झोनच्या बाहेर ठेवायचा. आणि ॲपमध्ये ‘फक्त व्यक्ती’ हा पर्याय असेल तर पावसाळाभर चालू ठेवा. झाडं, सावल्या आणि पाऊस यांच्यावर त्याचा चांगला उपयोग होतो.

मे महिन्यात दुपारी अंगणात चिटपाखरू नसताना इशारे येतात, आणि खरोखर कोणी आलं तर येत नाहीत. डोअरबेल बॅटरीची आहे. बिघडली असेल का? (एक वाचक, नागपूर)

बहुधा नाही. बॅटरीवरच्या बहुतेक डोअरबेल हालचाल ओळखायला पीआयआर सेन्सर वापरतात. समोरच्या घुमटासारख्या पांढरट प्लास्टिकमागे तो असतो. त्याला चित्र दिसत नाही. अंगातून आणि वस्तूंमधून निघणारी उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की तो जागा होतो. माणसाच्या त्वचेचं तापमान ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असतं. मागची भिंत आणि फरशीही तेवढीच तापली की माणूस आणि पार्श्वभूमी यांत सेन्सरला फरक उरत नाही, आणि माणूस त्याला ‘दिसत’ नाही.

उलट बाजूने, उन्हात तापलेलं आणि वाऱ्याने हलणारं पान, नुकत्याच थांबलेल्या स्कूटरचा सायलेन्सर किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटचा गरम झोत त्याला हमखास जागं करतो. तुमच्याकडे आधी हे युनिट कुठे आहे ते पाहा. झोत डोअरबेलसमोरून जात असेल तर दोहोंपैकी एकाची जागा बदलल्याशिवाय सुटका नाही.

पश्चिमेचं ऊन थेट येत असेल तर पोर्चला हिरवी जाळी लावता येईल, पण ती ताणून बांधा. सैल जाळी स्वतःच फडफडून इशारे देईल.

दुसरी गोष्ट चालण्याच्या दिशेची. पीआयआर सेन्सरला आडवं जाणारं माणूस पटकन कळतं, सरळ त्याच्याकडे चालत येणारं उशिरा. फाटकापासून दारापर्यंतची वाट डोअरबेलच्या नेमकी समोर असेल, तर डोअरबेल चौकटीच्या दुसऱ्या बाजूला किंवा पाचरीवर अशी लावा की येणारा माणूस तिच्यासमोरून तिरका जाईल. घरच्या कोणाला तरी भर दुपारी आणि पुन्हा सकाळी सातला त्याच वाटेने चालायला सांगून दोन्ही वेळा तपासा. नागपूरच्या उन्हाळ्यात या दोन निकालांत जमीनअस्मानाचा फरक पडू शकतो.

क्लिप रिकामी दिसण्याचं आणखी एक कारण: सेन्सर जागा झाल्यावर कॅमेरा सुरू व्हायला एक-दोन सेकंद जातात. तेवढ्यात मांजर निघून गेलेलं असतं. क्लिपमध्ये काही नाही म्हणून इशारा खोटाच होता असं नव्हे.

रस्ता झोनमधून वगळला, तरी गाड्यांचे इशारे थांबत नाहीत. रो हाउस आहे, फाटकापलीकडे लगेच रस्ता. (एक वाचक, नाशिक)

झोन कुठून कापलाय ते पाहा. बरेच जण रस्त्याची फक्त डांबरी पट्टी वगळतात. पण ट्रक उंच असतो. त्याची चाकं वगळलेल्या भागात असली, तरी त्याचा माथा झोनमध्ये शिरतो. म्हणून झोन वरून कापायचा आणि फक्त खालची जमीन ठेवायची.

याचं गणित सोपं आहे. डोअरबेल १.२ मीटर उंचीवर आणि सरळ समोर रोखलेली असेल, तर १ मीटरवर उभ्या माणसाचे पाय मध्यरेषेच्या साधारण ५० अंश खाली दिसतात आणि ३ मीटरवरच्या माणसाचे २२ अंश. रस्ता ६ मीटरवर असेल तर त्याची अलीकडची कड फक्त ११ अंश खाली, म्हणजे जवळपास चित्राच्या मधोमध. झोनची वरची कड या रस्त्याच्या कडेच्या बरीच खाली ठेवा. घरातल्या माणसाला फाटकाच्या आत उभं करून थेट चित्रात त्याचे पाय कुठे दिसतात ते पाहिलं, की नेमकी जागा मिळते.

डोअरबेल दोन मीटर उंचीवर लावून खाली वाकवण्याचा मोह होतो. चेहरे दिसेनासे होतात, टोपीच फक्त दिसते. आमचं मत १.२ मीटरच्याच बाजूने आहे.

रात्री हेडलाइटचा झोत अंगणावरून फिरतो तेव्हा जमिनीवरचा झोनही उजळतो. यावर झोनचा उपयोग नाही. फाटकाच्या जाळीला आतून १ मीटर उंचीपर्यंत पत्रा किंवा फायबरची शीट मारली की झोत अडतो. ते नको असेल तर ‘फक्त व्यक्ती’.

भाड्याचं घर आहे. बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर, आत लाकडी दार. डोअरबेल लाकडी दारावर चिकटवली आहे. रात्री चित्र पांढरं आणि इशारे अखंड.

दारावर नकोच. दार उघडलं-मिटलं की सगळं चित्र फिरतं आणि डोअरबेल स्वतःच्याच हलण्याचा इशारा देते. शिवाय सेफ्टी डोअरच्या सळया भिंगापासून पाच-दहा सेंटिमीटरवर असल्याने इन्फ्रारेड त्यांच्यावर आपटून परत येतो. कॅमेरा त्या झगझगाटाला जुळवून घेतो आणि मागचा माणूस काळा पडतो. सेफ्टी डोअरला ॲक्रिलिकची शीट असेल तर पीआयआर सेन्सर जवळपास आंधळाच होतो, कारण शरीराची उष्णता ॲक्रिलिक आणि काच या दोन्हींतून आरपार जात नाही.

डोअरबेल सेफ्टी डोअरच्या बाहेर, चौकटीशेजारच्या भिंतीवर लावा. घरमालक भोकं पाडू देत नसेल तर बाहेर वापरायची जाड दुहेरी टेप चालते, पण भिंत आधी स्पिरिटने पुसून कोरडी करा. चुन्याच्या किंवा पापुद्रे सुटणाऱ्या रंगावर टेप टिकत नाही. तिथे टेप चौकटीच्या लाकडाला लावा.

‘फक्त व्यक्ती’ चालू केलं, इशारे थांबले, पण बॅटरी अजूनही तीन आठवड्यांतच संपते. वायर जोडून टाकू का?

बॅटरी इशाऱ्यांमुळे संपत नाही, जागं होण्यामुळे संपते. सेन्सर उठतो, कॅमेरा सुरू होतो, चित्र तपासलं जातं आणि मग ‘माणूस नाही’ म्हणून इशारा अडवला जातो. तोवर वीज गेलेली असते. तुमचा फोन शांत झाला, डोअरबेल नाही.

म्हणून इथे मात्र पीआयआर सेन्सरचा पल्ला कमी करा, क्लिपची लांबी ३० सेकंदांवरून १० वर आणा आणि दोन इशाऱ्यांमधलं अंतर एक-दोन मिनिटं ठेवा. वाय-फायही तपासा. ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर तो उणे ६५ किंवा त्याहून चांगला हवा (उणे ५५ म्हणजे अधिक चांगला). सिग्नल कमजोर असला की तीच क्लिप पाठवायला जास्त वेळ आणि जास्त बॅटरी लागते.

वायरबद्दल सावध राहा. आपल्याकडच्या जुन्या घंटेच्या बटणात बहुतेक ठिकाणी थेट २३० व्होल्ट असतात. तारेवर चालणाऱ्या बहुतेक डोअरबेलना १६ ते २४ व्होल्ट एसी लागतात. जुन्या बटणाच्या वायरी सरळ जोडल्या तर उपकरण जळेल, आणि हात लावणाऱ्याच्या जिवालाही धोका आहे. मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या.

दिवाळीत आकाशकंदील आणि तोरणामुळे त्रास होतो. सण आहे म्हणून काढताही येत नाही.

काढू नका. कंदील डोअरबेलच्या मागच्या बाजूला, म्हणजे चित्राबाहेर टांगा आणि खालून दोऱ्याने भिंतीला बांधा. तो झोके घेतो तेव्हा त्याच्या सावल्या अंगणभर फिरतात, त्रास त्यांचाच असतो. तोरणाची टोकं भिंगासमोर येत असतील तर दोन्ही बाजूंना खिळ्यात अडकवा. लुकलुकणारी दिव्यांची माळ ‘स्थिर’ मोडवर ठेवली की प्रश्नच मिटतो.

समोरच्या काकूंचं म्हणणं आहे की आमच्या डोअरबेलमध्ये त्यांचं दार दिसतं. मी त्यांचं दार मोशन झोनमधून काढलंय. एवढं पुरे ना?

नाही. मोशन झोनमधून काढल्याने फक्त तिथल्या हालचालीवर इशारा येत नाही. तुमच्या दारात कोणी आलं की क्लिपमध्ये त्यांचं दारही रेकॉर्ड होतंच. ॲपमध्ये ‘प्रायव्हसी झोन’ किंवा ‘मास्क’ नावाचा वेगळा पर्याय शोधा. त्यात तो भाग काळा होतो आणि रेकॉर्डच होत नाही. तो लावा आणि काकूंना फोनवर थेट चित्र दाखवा. तुमच्या डोअरबेलमध्ये हा पर्याय नसेल, तर १५ अंशांची पाचर लावून तोंड दुसरीकडे वळवा.