ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कोणते तेल घालावे?

प्रश्न : मी २०१७ सालची पेट्रोलवर चालणारी बलेनो ऑटोमॅटिक जुन्या गाड्यांच्या बाजारातून घेतली आहे. ती आजवर ६२,००० किलोमीटर चालली आहे. माझा नेहमीचा मेकॅनिक म्हणतो, की ऑटोमॅटिकचे तेल म्हणजे लाल तेल, ते सगळ्याच गाड्यांना चालते. शेजाऱ्यांकडे २०२२ ची नवी बलेनो ऑटोमॅटिक आहे. तिच्या गिअरबॉक्समध्ये साधे गिअर ऑइलच असते, असे ते सांगतात. नेमके काय घालावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे त्यांच्या गाडीपुरते बरोबर आहे. मेकॅनिकचा सल्ला मात्र आपल्या गाडीसाठी चुकीचा आहे, आणि ही चूक महागात पडेल. बलेनो २०१५ साली आली तेव्हा तिच्या पेट्रोल ऑटोमॅटिकला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पुल्या आणि पट्ट्यावर चालणारा, गिअरबॉक्स होता. २०२२ च्या नव्या आवृत्तीत सीव्हीटी जाऊन त्या जागी एएमटी आला, ज्याला मारुती ‘एजीएस’ म्हणते. मागच्या पाटीवरचे नाव तेच राहिले, पण बॉनेटखालच्या या दोन यंत्रांचे एकमेकांशी दूरचेही नाते नाही.

एएमटी हा मुळात आपला नेहमीचा हाताने टाकायचा गिअरबॉक्सच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम चालकाऐवजी त्यावर बसवलेली यंत्रणा करते. म्हणून त्याच्या पोटात मॅन्युअल गाडीचेच गिअर ऑइल जाते. वरची यंत्रणा हायड्रॉलिक असेल तर तिचे तेल निराळे असते, आणि ही दोन तेले एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या प्रवाहाने जोडणारा भाग) असलेल्या जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये तेल हे केवळ वंगण नसते. इंजिनाची ताकद गिअरपर्यंत तेच पोहोचवते, त्याच्याच दाबाने आतले क्लच आवळले जातात, आणि उष्णताही तेच बाहेर नेते. शिवाय तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्यांनी एकमेकींना घट्ट धरावे, पण धरताना झटका देऊ नये, यासाठी तेलात घर्षण नेमके ठेवणारी रसायने मिसळलेली असतात. अमेरिकेत एके काळी हे काम स्पर्म व्हेलच्या तेलाकडून करवून घेतले जाई. व्हेलना संरक्षण मिळाल्यावर, १९७० च्या दशकात, कंपन्यांना पर्यायी रसायने शोधावी लागली.

आपल्या सीव्हीटीत प्रकार थोडा उलटा आहे. तेथे दोन पुल्यांमध्ये एक पोलादी पट्टा फिरतो, आणि पोलादावर पोलाद न घसरता सगळी ताकद त्याला वाहून न्यायची असते. त्यामुळे त्या तेलाला झीज तर रोखायची असते, पण पट्ट्याची पकड सुटू द्यायची नसते. साधे लाल एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) घातले तर पट्टा पुलीवर घसरतो, पुलीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे पडतात, आणि एकदा ओरखडे पडल्यावर नंतर कितीही उत्तम तेल घातले तरी ते भरून येत नाहीत.

मेकॅनिकचा हा समज कोठून आला असावा, हेही सांगतो. बहुतेक गॅरेजांत फळीवर लाल तेलाचा एक डबा कायम असतो, तो पॉवर स्टिअरिंगसाठी. त्यावर एटीएफ असे लिहिलेले असते, आणि म्हणून तेच ऑटोमॅटिकचे तेल अशी समजूत पक्की होते. लाल रंग हा निव्वळ घातलेला रंग आहे. गाडीखाली तेलाचा डाग दिसला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा, हे ओळखता यावे एवढाच त्याचा उपयोग. सीव्हीटीची काही तेले हिरवी असतात, तर काही मधाच्या रंगाची. तेव्हा रंगावरून तेल निवडू नये.

आपण गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत तेलांचे पान उघडावे आणि तेथे सीव्हीटीसमोर छापलेले तेलाचे नाव अक्षरशः उतरवून घ्यावे. जुन्या गाडीबरोबर पुस्तिका मिळाली नसेल, तर आरसीवरचा चासी नंबर कंपनीच्या सुट्या भागांच्या खिडकीवर दिला की तेलाचे नाव मिळते. डबा कंपनीचाच हवा, असा माझा आग्रह नाही. बाहेरच्या चांगल्या उत्पादकांची तेलेही चालतात, पण डब्यावर आपल्याला हवे ते नाव स्पष्ट छापलेले असावे. ‘सर्व ऑटोमॅटिक गाड्यांसाठी’ एवढेच लिहिलेला डबा मी माझ्या गाडीसाठी घेणार नाही.

डब्यावरच्या नावांचेही थोडे ऐकून ठेवावे. डेक्सरॉन हे जनरल मोटर्सने ठरवलेल्या एटीएफच्या दर्जाचे नाव. त्यातल्या डेक्सरॉन-३ या प्रकाराला प्रमाणपत्र देणे जनरल मोटर्सने २००६ च्या अखेरीस थांबवले, त्यामुळे आज त्या नावाने विकले जाणारे तेल विक्रेत्याच्या शब्दावरच घ्यायचे असते. त्यानंतरचे डेक्सरॉन-६ मुद्दाम पातळ केलेले आहे : १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा ६.४ सेंटिस्टोक्सच्या वर असू नये अशी अट आहे, तर डेक्सरॉन-३ सातच्या आसपास असे. आकडा जवळचा दिसला तरी तेले एकच समजू नयेत.

प्रश्न : गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही, असे मला विकत घेताना सांगितले होते. हे खरे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आयुष्य कोणाचे, हे विचारायला हवे होते. झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते, आणि तीच आपल्या गिअरबॉक्सचे तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान, किंवा फार तर ८ वर्षांनी, बदलावे असे सांगते. मुंबई-ठाण्याच्या रहदारीत रांगत चालणारी गाडी असेल, तर यातल्या कमी आकड्याकडे लक्ष ठेवावे.

प्रश्न : गॅरेजने चुकून दुसऱ्याच प्रकारचे तेल भरले. गाडी चार किलोमीटर चालवून घरी आणली आहे. आता काय करावे? – एक वाचक, नागपूर

उत्तर : गाडी आता सुरू करू नये, उचलूनच न्यावी. ड्रेन प्लग उघडला तरी बरेचसे तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते, म्हणून एकदा काढून भागत नाही. योग्य तेल भरावे, मगच इंजिन चालू करून, गाडी जागेवरच ठेवून ब्रेक दाबून सगळ्या गिअरांतून लिव्हर फिरवावा, पुन्हा काढावे, आणि असे दोन-तीनदा करावे. प्रत्येक वेळी बाहेर आलेले तेल मोजून तेवढेच आत घालावे. शेवटची पातळी मात्र पुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच पाहावी, कारण कमी तेलात पंप हवा ओढतो आणि जादा तेलाला फेस येतो. पातळी पाहण्याची रीतही कंपनीगणिक बदलते : बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तर होंडाच्या अनेक ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटाच्या आत.