बॅकग्राउंड थ्रेडमधून लेबल आणि चार्ट अपडेट करतो. चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स फॉल्स केल्यापासून एरर थांबली. असंच ठेवलं तर चालेल का?

नाही, अजिबात ठेवू नका. एरर थांबलेली नाही, दिसायची थांबली आहे. त्या ओळीनं तुम्ही विनफॉर्म्सचा (विंडोजवर खिडक्या-बटणांचे प्रोग्राम बनवायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) एक चेक बंद केलात: लेबल, चार्ट अशा कंट्रोलला चुकीच्या थ्रेडनं, म्हणजे कोडच्या दुसऱ्या समांतर धाग्यानं, हात लावला की ओरडणारा. याच एका ओळीवरून बडोद्यात माझं एका सीनियरशी पुष्कळ वाजलंय, म्हणून लिहितो.

मकरपुरा जीआयडीसीत एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्याला आम्ही भट्टीचं तापमान दाखवणारा विनफॉर्म्सचा प्रोग्राम दिला होता. रीडिंग सिरीयल पोर्टवरून यायचं. पोर्टवर डेटा आला की येणारा डेटारिसीव्ह्ड हा इव्हेंट यूआय थ्रेडवर (खिडकी रंगवणारा मुख्य थ्रेड) येत नाही, आणि ते सीनियर साहेब तिथूनच थेट चार्टमध्ये पॉइंट भरत होते. मी पहिल्याच आठवड्यात हरकत घेतली. उत्तर ठरलेलं: "ऑफिसात दिवसभर चालवलं, काय झालं?" ऑफिसात काय होणार? तिथे एकच सेन्सर, आणि खिडकीला कोणी हात लावत नाही. चार्ट स्वतःला रंगवत असतानाच दुसऱ्या थ्रेडनं पॉइंट घुसवला की रंगवण्यात एक्सेप्शन येतं, आणि मग विनफॉर्म्स ते कंट्रोल पुन्हा रंगवतच नाही. पांढरा चौकोन, त्यावर मोठी लाल फुली.

हे नेमकं रात्रपाळीत झालं. तापमान फाइलमध्ये व्यवस्थित लिहिलं जात होतं, पण ऑपरेटरच्या समोर फुली. त्यानं भट्टी बंद केली, ते बरोबरच केलं. गिअरचा लॉट मात्र अर्धवट राहिला. साहेबांनी शेठना सांगितलं, ग्राफिक्स कार्ड खराब आहे.

आता तुमचं. थ्रेडनं रीडिंग फक्त कॉन्करंटक्यूमध्ये (अनेक थ्रेडना एकाच वेळी सुरक्षितपणे वापरता येणारी रांग) टाकावं. फॉर्मवर विनफॉर्म्सचाच टायमर ठेवा, १०० मिलिसेकंदांचा. तो यूआय थ्रेडवर चालतो. रांग रिकामी करा, चार्ट एकदाच रंगवा. सिस्टिम.टायमर्समधला टायमर नको, तो मुळात थ्रेडपूलवर, म्हणजे बॅकग्राउंड थ्रेडवर चालतो. प्रत्येक रीडिंगला बिगिनइन्व्होकही (यूआय थ्रेडकडे काम सोपवून न थांबता पुढे जाणं) नको, रीडिंग भराभर येत असतील तर मेसेज क्यू तुंबते आणि खिडकी गोठते. साधं इन्व्होक (यूआय थ्रेडनं काम संपवेपर्यंत थांबणारं) तर पोर्ट बंद करताना हमखास गोत्यात आणतं: यूआय थ्रेड हँडलर (डेटारिसीव्ह्डला चालणारा कोड) संपायची वाट बघतो, हँडलर यूआय थ्रेडची.

नुसता प्रोग्रेस बार अधूनमधून पुढे सरकवायचा असेल तर बिगिनइन्व्होक पुरतं. अँड्रॉइडवर रनऑनयूआयथ्रेड, जावाच्या स्विंगमध्ये इन्व्होकलेटर; नियम तोच. आणि तो चेक चालू ठेवलात तरी त्याच्या भरवशावर राहू नका. डिबगर जोडलेला नसेल तर तो मुळातच बंद असतो, आणि जोडलेला असतानाही सगळं पकडत नाही.

तुमच्याकडेही कोणी "माझ्याकडे चालतं" म्हणत असेल तर वाद घालू नका. थ्रेडच्या लूपमधून न थांबता पॉइंट भरा आणि खिडकीचा कोपरा धरून ती लहानमोठी करत राहा. मी शेठसमोर हेच केलं, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर, आणि फुली आली.