२०२० च्या फॉर्म्युला २ मध्ये दोनच शर्यती जिंकून मिक शूमाकर विजेता कसा झाला? आणि जेहान दारूवाला मागे का राहिला?

प्रश्नकर्त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फॉर्म्युला २ च्या (फॉर्म्युला १ च्या खालची पायरी) त्या मोसमात २४ शर्यती झाल्या, मिकने त्यांतल्या दोनच जिंकल्या, तरी विजेतेपद त्यालाच मिळालं. मग ही आडनावाची, म्हणजे सात वेळा फॉर्म्युला १ जिंकलेल्या वडिलांची, मायकल शूमाकरची कृपा म्हणायची का? आणि मुंबईचा जेहान दारूवाला त्याच वर्षी, तशाच गाडीत, चांगल्या संघाकडून धावत होता, तो बाराव्या क्रमांकावर का?

आडनावाचं आधी उरकून घेऊ, कारण बहुतेकांना खरं तेच विचारायचं असतं. आडनावावर गाडी मिळते, गुण मिळत नाहीत. मिकला फेरारीच्या अकादमीत जागा मिळाली, प्रेमासारखा तगडा इटालियन संघ मिळाला, आणि पहिलं वर्ष सुमार गेल्यावरही तोच संघ दुसऱ्या वर्षी मिळाला. यात शूमाकर या नावाचा वाटा नव्हता असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. (कार्टिंगच्या दिवसांत हाच मुलगा लोकांच्या नजरा चुकवायला आईचं माहेरचं आडनाव लावून, मिक बेच म्हणून धावायचा, हेही खरं.) पण एकदा शर्यत सुटली की वीस-बावीस पोरांमध्ये तुम्हाला कोणी वाट करून देत नाही. उलट शूमाकरला मागे टाकलं की दुसऱ्या दिवशी आपलं नाव छापून येणार, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आता दोन विजयांचं गणित. फॉर्म्युला २ मध्ये सगळ्यांची गाडी एकच: दल्लाराची चासी, मेकाक्रोमचं ३.४ लिटरचं टर्बो व्ही६ इंजिन, पिरेलीचे टायर. २०२० ला त्यात एक मोठा बदल झाला, १३ इंचांऐवजी १८ इंचांची चाकं आली. आदल्या वर्षी टायर सांभाळण्याचं जे तंत्र पोरांनी घोटून घेतलं होतं, ते बऱ्यापैकी मोडीत निघालं. त्यात कोविडमुळे मार्चमध्ये बहारीनला सुरू व्हायचा मोसम जुलैत ऑस्ट्रियाला सुरू झाला आणि पाच महिन्यांत १२ फेऱ्या कोंबल्या गेल्या. सूर हरवला तर घरी बसून तो शोधायला वेळच नव्हता.

प्रत्येक फेरीत दोन शर्यती असत. शनिवारची फीचर मोठी, तिच्यात पिटमध्ये थांबून टायर बदलणं सक्तीचं, आणि विजेत्याला २५ गुण. रविवारची स्प्रिंट लहान, विजेत्याला १५ गुण, आणि तिच्यात शनिवारचे पहिले आठ उलट्या क्रमाने उभे राहत. म्हणजे शनिवारी आठवा आलेला रविवारी सगळ्यांत पुढे, आणि शनिवारचा विजेता आठव्या जागी. पोल पोझिशनचे, म्हणजे पात्रता फेरीत पहिला येण्याचे, ४ गुण वेगळे, शर्यतीत ट्रॅकची सगळ्यांत वेगवान चक्कर मारण्याचे २ वेगळे. या रचनेत शनिवारी जिंकून रविवारी भिंतीत जाणाऱ्यापेक्षा दोन्ही दिवशी तिसरा-चौथा येणारा पोरगा महिन्याभरात पुढे निघून जायचा.

आणि त्या वर्षी नेमकं तेच झालं. २४ शर्यतींत १२ वेगवेगळे विजेते! सर्वाधिक विजय रशियाच्या रॉबर्ट श्वार्ट्झमनचे, आणि तेही चारच. तो मिकचा प्रेमामधलाच जोडीदार, फॉर्म्युला २ मध्ये पहिलंच वर्ष, आदल्या वर्षीचा फॉर्म्युला ३ चा विजेता. ब्रिटनचा कॅलम आयलॉट तीन, जपानचा युकी त्सुनोदा तीन, ब्राझीलचा फेलिपे ड्रुगोविच तीन. ड्रुगोविच तीन जिंकूनही गुणतक्त्यात नववा राहिला. सुसाट पळून गेलेला असा कोणी नव्हताच, त्यामुळे ज्याचं नुकसान सगळ्यांत कमी तो वर, असा हिशेब झाला. मिक दहा वेळा पोडियमवर चढला, म्हणजे पहिल्या तिघांत आला. पोल मात्र त्याला एकही मिळाली नाही. बारापैकी पाच आयलॉटच्या, चार त्सुनोदाच्या, उरलेल्या इतरांच्या.

खरं सांगायचं तर ट्रॅकच्या एका चक्करीतला वेग हा मिकचा हुकमी एक्का कधीच नव्हता. पात्रता फेरीत तो चौथा, सातवा असा कुठेतरी असायचा. त्याचं बलस्थान होतं शर्यत सुटतानाचे पहिले काही सेकंद, आणि टायर जपून शेवटी वेग काढणं. इटलीतल्या मोंझाची फीचर हा याचा उत्तम नमुना. सातव्या जागेवरून सुटून तो पहिल्या काही वळणांतच पहिल्या तिघांत आला. पुढे होता आयलॉट, पोलवरून निघालेला, आरामात आघाडीवर. टायर बदलायला तो पिटमध्ये आला, टायर बदलले, निघताना क्लच सोडला आणि इंजिन बंद पडलं. या गाडीला स्वतःचा स्टार्टर नसतो. यांत्रिकाने बाहेरचा स्टार्टर आणून मागून खुपसायचा, मग इंजिन चालू, तोवर हातातली शर्यत गेलेली. मिक जिंकला, आयलॉट सहावा आला. मोसमाअखेर दोघांमधला फरक होता १४ गुणांचा: २१५ विरुद्ध २०१. पोलवरून २५ गुण घेऊन जाणारी ती गाडी आठ गुणांवर आली, आणि मिकला मात्र पूर्ण २५ मिळाले. आयलॉटचे चाहते आजही मोंझाचं नाव काढलं की गप्प होतात ते उगीच नाही.

नशिबाने मिकला झुकतं माप दिलं असंही नाही. ऑस्ट्रियातल्या दुसऱ्या फेरीत, स्प्रिंटमध्ये चांगला पुढे धावत असताना त्याच्या गाडीतलं आग विझवायचं यंत्र आपोआप सुरू झालं. आग नाही, धूर नाही, आणि कॉकपिटमध्ये फवारा. शर्यत सोडून द्यावी लागली. सिल्व्हरस्टोनला पहिल्या दोन जागांवर प्रेमाच्याच दोन गाड्या होत्या, श्वार्ट्झमन आणि मिक, आणि शेवटी शेवटी दोघं एकमेकांवर आदळले. श्वार्ट्झमन गुणांबाहेर फेकला गेला, मिक दुसरा आला आणि त्सुनोदाला आयता विजय मिळाला. पिटच्या भिंतीपाशी बसलेल्या संघाच्या लोकांनी त्या क्षणी काय म्हटलं असेल ते इथे लिहिण्यासारखं नसावं. पण त्यानंतर मिकने सप्टेंबरमध्ये जो सूर धरला, मोंझा, मुजेल्लो, सोची, त्यात तो फारसा चुकलाच नाही. मुजेल्लोनंतर तो आघाडीवर आला तो शेवटपर्यंत. त्याच महिन्यात श्वार्ट्झमनची गाडी घसरणीला लागली होती.

सोचीचं आणखी एक. रविवारच्या स्प्रिंटमध्ये लुका गिओटो आणि जॅक एटकेन तिसऱ्या वळणावर एकमेकांना भिडले, दोन्ही गाड्या कठड्यात घुसल्या आणि गिओटोच्या गाडीने पेट घेतला. दोघं चालत बाहेर आले. कठडा इतका मोडला होता की शर्यत पुन्हा सुरूच झाली नाही आणि सगळ्यांना अर्धे गुण मिळाले. तक्त्यात चीनच्या झोऊ गुआनयूच्या नावापुढे १५१.५ असा विचित्र आकडा दिसतो तो त्यामुळेच. त्या मोसमातला त्याचा एकमेव विजय हाच, अर्ध्या किमतीचा.

आता जेहान. इथे तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे असं मला वाटतं. तुम्ही जेहानच्या २०२० ची तुलना मिकच्या २०२० शी करताय. ती करायला हवी मिकच्या २०१९ शी, म्हणजे फॉर्म्युला २ मधल्या त्याच्या पहिल्या वर्षाशी. मिक २०१९ ला कितवा होता? बारावा. गुण ५३, विजय एक, हंगेरीची स्प्रिंट. जेहान २०२० ला कितवा? बारावा. गुण ७२, विजय एक, बहारीनमधल्या साखीरची स्प्रिंट. कागदावर आपला गडी उलट थोडा पुढेच आहे.

पण तुलना इथेच थांबवली तर ती आपल्या सोयीची होईल. जेहान कार्लिन संघात होता आणि शेजारच्या गाडीत होता त्सुनोदा, तोही फॉर्म्युला २ मध्ये पहिल्याच वर्षी, तोही जेहानसारखाच रेडबुलच्या ज्युनियर चालकांपैकी. त्सुनोदाने २०० गुण काढले, एकूण तिसरा आला, सर्वोत्कृष्ट नवोदिताचा आंत्वान ह्युबेर पुरस्कार घेतला आणि पुढच्या वर्षी थेट फॉर्म्युला १ मध्ये बसला. तोच संघ, तेच तंत्रज्ञ, २०० विरुद्ध ७२. या खेळात तुमचा पहिला प्रतिस्पर्धी म्हणजे तुमचा जोडीदार, कारण गाडीची सबब फक्त त्याच्यासमोर चालत नाही. जेहानचे शनिवार पुन्हा पुन्हा बिघडत होते. कधी पात्रता फेरीत मागे, कधी सुटताना जागा गेल्या. शनिवार गेला की उलट्या क्रमाचा फायदाही हातून जायचा, आणि मग रविवारही गेलाच. फॉर्म्युला ३ मध्ये, २०१९ ला, तो प्रेमाकडून तिसरा आला होता, बार्सिलोना आणि पॉल रिकार्डला जिंकला होता. त्यामुळे माझ्यासारख्यांच्या अपेक्षा जरा जास्तच वाढल्या होत्या.

शेवटच्या दिवशी, ६ डिसेंबरला, मात्र त्याने कसर भरून काढली. साखीरचा बाहेरचा ट्रॅक, जेमतेम साडेतीन किलोमीटरचा, जवळपास सगळा सरळ रस्ता आणि मध्ये थोडी वळणं. शनिवारच्या निकालामुळे जेहान पहिल्या ओळीत, डॅन टिक्टमच्या शेजारी. सुरुवातीलाच टिक्टम, जेहान आणि मागून घुसलेला मिक असे तिघं एकमेकांच्या अंगाला अंग लावून वळणात शिरले. मिकला त्या दिवशी नुसतं आयलॉटवर लक्ष ठेवलं तरी चालणार होतं. त्याची आघाडी १४ गुणांची आणि स्प्रिंटमध्ये जास्तीत जास्त १७ मिळणार. तरी तो भिडला, ब्रेक मारताना चाकं जाम झाली आणि टायर एका जागी घासून चपटे झाले. अशा टायरवर अडीचशेच्या वेगाने जाताना अख्खी गाडी थडथडते, डोळ्यांपुढचा रस्ता हलतो. एकेक जण त्याला मागे टाकत गेला, शेवटी पिटमध्ये जावं लागलं आणि तो अठरावा आला. आयलॉटचेही टायर तोवर संपले होते, तो दहावा. दोघांनाही शून्य, आणि विजेतेपद मिकच्या पदरात.

पुढे जेहान टिक्टमशी झुंजत होता. त्याला मागे टाकून, मागून झपाट्याने येणाऱ्या त्सुनोदाला हात लावू न देता जेहान जिंकला. फॉर्म्युला २ हे नाव आल्यापासून शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. (याच मालिकेचं आधीचं नाव जीपी२, आणि तिथे करुण चंढोकने २००७ मध्येच स्पाला शर्यत जिंकली होती. त्या दिवशीच्या बातम्यांत हे बहुतेकांनी गाळलं.) पोडियमवर जन गण मन वाजलं. विजेतेपदाच्या धामधुमीत जगाचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं, आमचं होतं.

मग दुसऱ्या वर्षी मिकसारखी झेप जेहानला का घेता आली नाही? २०२१ ला तो कार्लिनमध्येच राहिला आणि दहावा आला. प्रेमाची गाडी मिळाली ती २०२२ ला, तेव्हा सातवा. मोंझाला तो दोन्ही वर्षी जिंकला, पण सातत्य आलं नाही. पैसा, संघ, वेळ ही कारणं आहेतच. शुक्रवारची पात्रता फेरी हे माझ्या मते सगळ्यांत मोठं. पुढे तो विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मध्ये मासेरातीकडून एक मोसम धावला.

आडनावाचा मुद्दा तुम्हाला लावायचाच असेल तर तो विजेतेपदाला लावू नका, त्यानंतरच्या जागांना लावा. मिकची फॉर्म्युला १ मधल्या हास संघातली जागा शेवटच्या फेरीआधीच जाहीर झाली होती. पाचव्या आलेल्या निकिता माझेपिनचीही, आणि त्याचे वडील गडगंज. दुसऱ्या आलेल्या आयलॉटला मात्र कोणी विचारलं नाही. तो फेरारीचा चाचणी चालक झाला आणि नंतर अमेरिकेला इंडीकारमध्ये गेला. माझेपिन एका वर्षात बाहेर, मिक दोन वर्षांत बाहेर. तिसरा आलेला त्सुनोदा २०२५ पर्यंत फॉर्म्युला १ मध्ये टिकला.

या मोसमातली एकच शर्यत बघायची असेल तर साखीरची नको, स्पाची फीचर बघा. माझेपिन पहिला आला, पण त्सुनोदाला ट्रॅकबाहेर ढकलल्याबद्दल त्याला पाच सेकंदांची शिक्षा झाली आणि विजय त्सुनोदाला गेला. गाड्या जिथे आणून लावतात तिथे १, २, ३ अशा पाट्या उभ्या असतात. माझेपिन रागाने इतक्या जोरात आला की त्याने २ ची पाटी उडवली, आणि ती त्सुनोदाला लागता लागता राहिली. दुसऱ्या दिवशीच्या स्प्रिंटमध्ये पाच जागा मागे, ही त्याची वेगळी शिक्षा.